व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून बागेच्या प्रश्नाचे नेमके उत्तर कसे मिळवावे

फळांसाठी केल्या जाणाऱ्या गोडी छाटणीपासून मणी फुगेपर्यंतचे दिवस नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी आणि चांदवड तालुक्यांतील द्राक्षबागायतदाराला फार सांभाळून काढावे लागतात. ढग दाटले, धुके पडले किंवा पानावर एखादा डाग दिसला, की बागेतून घरी पोहोचण्याआधीच त्याचा फोटो तीन-चार ग्रुपमध्ये गेलेला असतो आणि सल्ले येऊ लागलेले असतात. पूर्वी अशा वेळी शेजारची बाग गाठावी लागे, नाहीतर पिंपळगावच्या कृषी सेवा केंद्रात जाऊन विचारावे लागे. आज दिंडोरीचा बागायतदार घरबसल्या सांगलीच्या बागायतदाराला विचारू शकतो, आणि त्याचे उत्तर दुपारच्या फवारणीआधी हाती पडते. ही सोय फार मोठी आहे. मात्र तिचा जेवढा उपयोग व्हायला हवा तेवढा आपण करून घेत नाही, असे मला मनापासून वाटते.

माझी तीन एकर बाग आहे. दोन हंगामांपूर्वी, छाटणीनंतरचा पन्नासावा दिवस असेल, खालच्या पानांच्या कडा तपकिरी पडून वाळू लागल्या. मी घाईने एका पानाचा फोटो काढला आणि ग्रुपवर एवढेच लिहिले, ‘पानावर डाग आहेत, काय मारू?’ अर्ध्या तासात चौदा उत्तरे आली. त्यांतली बहुतेक बुरशीनाशकांची होती, दोघांनी अन्नद्रव्याची कमतरता सांगितली, आणि एकाने फक्त ‘पाणी कुठले?’ असे विचारले. मी त्या शेवटच्या प्रश्नाकडे लक्ष दिले नाही. दोन फवारण्या झाल्या, खर्च झाला, आणि कडा जळतच राहिल्या. शेवटी प्रयोगशाळेतून पानांचे देठ आणि पाणी तपासून घेतले तेव्हा बोअरच्या पाण्यातले क्षार जास्त असल्याचे दिसले. ग्रुपमधल्या माणसांनी मला फसवले नव्हते. त्यांनी अपुऱ्या प्रश्नाला जमेल तसे उत्तर दिले होते. तेव्हापासून मी ग्रुप वापरण्याच्या माझ्या सवयी एकेक करून बदलल्या, आणि त्या इथे सविस्तर लिहीत आहे.

प्रश्न पूर्ण लिहावा

सर्वांत अधिक फरक या एका सवयीने पडतो. डॉक्टर नाडी पाहण्याआधी चार गोष्टी विचारतात, तशाच गोष्टी बागेबद्दल विचारल्या जाणार हे गृहीत धरून त्या आधीच लिहाव्यात. गाव आणि तालुका, द्राक्षाची जात, खुंट (म्हणजे ज्या मुळावर कलम केले ते झाड) कोणता, बागेचे वय, छाटणीची तारीख आणि आज कितवा दिवस, पाणी विहिरीचे, बोअरचे की कालव्याचे, गेल्या दहा दिवसांत कोणत्या फवारण्या झाल्या आणि ठिबकमधून काय सोडले, गेल्या चार दिवसांत पाऊस, दव किंवा धुके होते का, आणि लक्षण केव्हापासून, किती झाडांवर, झाडाच्या कोणत्या भागावर दिसते आहे, एवढे सारे आले पाहिजे. लिहायला पाच मिनिटे लागतात. परंतु त्यानंतर येणारी उत्तरे निम्म्याने कमी आणि कितीतरी पटीने उपयोगी असतात, कारण ज्याला खरोखर माहीत आहे तोच पुढे होतो आणि अंदाजाने बोलणारा थांबतो.

लक्षण झाडाच्या कोणत्या भागावर आहे, हे तर कधीही वगळू नये. लोहाच्या कमतरतेत शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात, तर मॅग्नेशियमच्या कमतरतेत शिरांमधला पिवळेपणा आधी खालच्या जुन्या पानांवर दिसतो. फोटोत दोन्ही पाने सारखीच पिवळी दिसू शकतात. पान वरचे की खालचे हे सांगितले नाही, तर उत्तर देणाऱ्याने कितीही अनुभव पणाला लावला तरी त्याला अंदाजच करावा लागतो.

नमुन्यादाखल एक संदेश देतो. ‘गाव उगाव, ता. निफाड. थॉमसन, डॉगरिज खुंट, बाग सहा वर्षांची. गोडी छाटणी ५ ऑक्टोबर, आज ४२ वा दिवस. बोअरचे पाणी. खालच्या चार-पाच पानांच्या कडा आठ दिवसांपासून वाळत आहेत, वरची पाने ठीक. साधारण दर दहा झाडांत तीन झाडांवर, उताराच्या बाजूला जास्त. मागील फवारणी ३६ व्या दिवशी. पाऊस नाही, सकाळी हलके दव. माती-पाणी परीक्षण दोन वर्षांत केलेले नाही.’ असा संदेश मी त्या वेळी लिहिला असता, तर लिहितानाच शेवटच्या वाक्यापाशी थबकलो असतो. पूर्ण प्रश्न लिहिण्याचा हा आणखी एक लाभ आहे, आणि अनेकदा तोच सर्वांत मोठा ठरतो.

फोटोंबद्दलही थोडे काटेकोर व्हावे. एकाच पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो द्यावेत, कारण डावणी या बुरशीजन्य रोगाचा तेलकट पिवळसर डाग पानाच्या वरून दिसतो आणि त्याची पांढरी बुरशी खालच्या बाजूने दिसते. केवळ वरचा फोटो पाहून खात्रीने सांगणे कठीण जाते. तिसरा फोटो पूर्ण झाडाचा आणि चौथा ओळीचा असावा. उन्हाच्या तिरिपेत किंवा टॉर्चच्या उजेडात रंग बदलतो, म्हणून सकाळच्या मोकळ्या उजेडात, पान सावलीत धरून फोटो काढावा. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना त्याचा आकार कमी करते आणि बारीक डाग पुसट होतात. त्यामुळे पाठवण्याआधी ‘एचडी’ हा पर्याय निवडावा, किंवा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे तो मूळ स्वरूपात पोहोचतो. आवाजात रेकॉर्ड करून प्रश्न विचारण्याची पद्धत सोपी वाटते, पण बागेत काम करणाऱ्याला तीन मिनिटे ऐकायला सवड नसते, आणि पुढच्या वर्षी तोच विषय शोधायचा म्हटला तर आवाजातले शब्द शोधून सापडत नाहीत. म्हणून लिहिता येत असेल तर लिहावेच.

आलेल्या उत्तराची तपासणी

ग्रुपवर आलेला सल्ला हा फवारणीचा आदेश नव्हे. त्यावर कृती करण्याआधी मी चार गोष्टी पाहतो.

पहिली गोष्ट म्हणजे तो संदेश सांगणाऱ्याचा स्वतःचा आहे की पुढे ढकललेला आहे. व्हॉट्सॲप २०१८ पासून पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवते. जो संदेश पाच किंवा अधिक वेळा पुढे जात आलेला असतो, त्यावर दोन बाणांची खूण येते, आणि २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. दोन बाण दिसले म्हणजे माहिती खोटीच आहे असे नाही, पण ती कोणत्या गावच्या, कोणत्या दिवसाच्या बागेसाठी लिहिली होती हे आता कोणालाच सांगता येणार नाही, एवढे निश्चित समजावे. पावसाच्या अंदाजाच्या चित्रांबाबत हे फार घडते. गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरचे चित्र यंदा पुन्हा फिरते आणि माणसे रात्रीतून फवारणीची तयारी करतात. चित्रावर तारीख नसेल तर ते सोडून द्यावे, आणि भारतीय हवामान विभागाचे जिल्ह्याचे पूर्वानुमान किंवा ‘मेघदूत’ हे ॲप उघडून पाहावे. त्या ॲपवर मंगळवारी आणि शुक्रवारी नवा कृषी हवामान सल्ला येतो.

दुसरी गोष्ट औषधाच्या नावाची. ग्रुपवर बहुधा कंपनीचे व्यापारी नाव सांगितले जाते. त्यातला घटक कोणता, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. एकच घटक वेगवेगळ्या व्यापारी नावांनी मिळतो, आणि नाव बदलले म्हणजे औषध बदलले अशा समजुतीत तोच घटक सलग तीन वेळा मारला जातो. मग बुरशी त्याला दाद देईनाशी होते आणि दोष औषधाला दिला जातो.

तिसरी मात्रेची. ‘दोनशे मिली घ्या’ या वाक्याला एकट्याने काहीही अर्थ नाही. दोनशे मिली एकराला, की दोनशे लिटर पाण्याला, की पाचशे लिटरच्या टाकीला, आणि एकराला किती लिटर पाणी धरून, हे स्पष्ट करून घ्यावे. विचारायला संकोच वाटू देऊ नये. शेवटी मात्रा डब्यावरच्या लेबलशी ताडून पाहावी, आणि लेबल व ग्रुप यांच्यात तफावत असेल तर लेबल मानावे.

चौथी गोष्ट निर्यातीची बाग असणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची आहे. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र द्राक्षासाठी शिफारस केलेल्या रसायनांची यादी प्रसिद्ध करते. बागायतदार तिला ‘ॲनेक्श्चर ५’ म्हणून ओळखतात. फवारणी आणि काढणी यांत किमान किती दिवसांचे अंतर हवे, तेही त्या यादीत असते. ती यादी फोनमध्ये ठेवावी आणि ग्रुपवर सुचवलेला प्रत्येक घटक तिच्यात आहे का, काढणीला उरलेले दिवस पुरतात का, हे पाहूनच पुढे जावे. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे युरोपात भारतीय द्राक्षांची कोंडी झाली, तिची झळ नाशिकच्या ज्या घरांनी सोसली त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

ग्रुप किती आणि केव्हा

मी एके काळी सतरा ग्रुपमध्ये होतो, आता पाचमध्ये आहे. एक गावाचा, एक माझ्या बागेतल्याच द्राक्षजातीच्या बागा असणाऱ्यांचा, एक तज्ज्ञ असलेला, एक मजूर आणि वाहनांचा, एक घरचा. एका ग्रुपमध्ये १,०२४ पर्यंत सदस्य घेता येतात, परंतु ज्या ग्रुपमध्ये एकमेकांची बाग कोणी पाहिलेली नाही तिथे सल्ल्याची जबाबदारीही कोणी घेत नाही. ज्याची बाग मी डोळ्यांनी पाहू शकतो, त्याचा अनुभव मला दहा अनोळखी सल्ल्यांपेक्षा मोलाचा वाटतो. ग्रुप सोडला तर नातेवाईक किंवा भाऊबंद रागावतील या भीतीने अनेक जण अडकून राहतात. त्यांनी हे जाणून घ्यावे की २०२२ पासून ग्रुप सोडल्याची सूचना केवळ ॲडमिनला जाते, सर्वांना दिसत नाही. तरीही सोडवत नसेल तर तो ग्रुप कायमचा म्यूट करून अर्काइव्हमध्ये ठेवावा.

वेळेचेही तसेच आहे. मी सकाळी बागेची फेरी झाल्यावर एकदा आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर एकदा ग्रुप उघडतो, बाकी वेळ सूचना बंद असतात. सकाळची वेळ बागेच्या फेरीनंतरची ठेवण्यामागे कारण आहे. आधी ग्रुप वाचला की दुसऱ्याच्या बागेतला रोग मनात बसतो आणि मग आपल्या बागेत तोच दिसू लागतो. आधी स्वतःची पाने उलटून पाहावीत, मनातल्या शंका वहीत लिहाव्यात, आणि त्या घेऊन ग्रुपमध्ये जावे. फोटो व व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याची सोयही सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी; फोनची जागा वाचते आणि जे पाहायचे तेवढेच पाहिले जाते.

मिळालेले जपून ठेवावे

चांगले उत्तर मिळाले की ते त्याच क्षणी बाजूला काढावे, कारण दुसऱ्या दिवशी त्यावर दोनशे संदेशांचा थर बसलेला असतो. संदेशाला चांदणीची खूण देता येते आणि असे सर्व संदेश एका ठिकाणी पाहता येतात. मला त्याहून उपयोगी वाटते ती स्वतःलाच संदेश पाठवण्याची सोय. चांगले उत्तर मी तिकडे पाठवतो आणि त्याखाली स्वतःच्या शब्दांत एक ओळ लिहितो, उदाहरणार्थ, ‘गोडी, ५० वा दिवस, कडा जळणे, बोअर’. पुढच्या हंगामात शोधचौकटीत ‘कडा’ एवढाच शब्द लिहिला की सारे प्रकरण समोर येते. हे शब्द नेहमी एकाच पद्धतीने लिहावेत. एकदा ‘डावणी’, एकदा ‘डाऊनी’ असे झाले तर निम्म्या नोंदी सापडत नाहीत. फवारणीची अधिकृत नोंद मात्र कागदी वहीतच ठेवावी. फोन ठिबकच्या पाण्यात पडू शकतो.

एखाद्या ग्रुपमध्ये संदेश ठरावीक मुदतीनंतर आपोआप नाहीसे होण्याची सोय सुरू केलेली असते, आणि ती मुदत २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस असते. ग्रुपच्या माहितीत जाऊन हे एकदा पाहून घ्यावे. बागेच्या ग्रुपवर ही सोय बंद असलेलीच बरी, कारण ऑक्टोबरमधला सल्ला जानेवारीत काढणीच्या वेळी पुन्हा पाहण्याची गरज पडते.

व्यापाऱ्याशी होणाऱ्या व्यवहारात तर ती बंद असलीच पाहिजे. माल शिवारसौद्यात, म्हणजे बागेतच, ठरतो, बोलणे तोंडी होते, आणि पैसे अडकल्यावर बागायतदाराच्या हाती काही उरत नाही, हे आपल्या जिल्ह्यात दर हंगामात कोणा ना कोणाच्या वाट्याला येते. त्यासाठी सौदा ठरताच त्याच दिवशी एक संदेश पाठवावा, ‘आज ठरल्याप्रमाणे दर किलोला इतके रुपये, काटा अमुक ठिकाणी, वजनातली घट इतकी, पैसे अमुक तारखेला, बरोबर असल्यास कळवावे.’ समोरच्याचे ‘होय’ आले की मगच पहिली गाडी भरावी. हा संदेश कधीही पुसू नये आणि केवळ स्क्रीनशॉटवर विसंबू नये. इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात पुरावा म्हणून द्यायची तर सोबत विहित प्रमाणपत्र लागते, आणि मूळ संदेश मूळ फोनमध्ये असला की ते काम सोपे होते.

येथेच एक सावधगिरी सांगतो. सरकारी योजनेच्या हप्त्याच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने येणारी, शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे असलेली फाईल कोणीही पाठवली तरी उघडू नये, अगदी ओळखीच्या नंबरावरून आली तरीही, कारण त्या व्यक्तीचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो. व्हॉट्सॲपमधली सहा अंकी पिनची दुहेरी पडताळणी सुरू करून ठेवावी. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे.

ॲडमिन असणाऱ्यांसाठी

वर दिलेल्या नमुन्यासारखा प्रश्नाचा साचा ग्रुपच्या वर्णनात लिहून ठेवावा आणि एक संदेश पिन करावा. पिन २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस टिकतो, म्हणून महिन्यातून एकदा तो नव्याने लावावा लागतो. सुप्रभाताचे आणि वाढदिवसाचे संदेश थांबवायचे असतील तर त्यांच्यासाठी वेगळा ग्रुप काढून द्यावा. नुसते रागावून ते थांबत नाहीत, आणि माणसांना एकमेकांशी चार शब्द बोलावेसे वाटणे काही गैर नाही. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या मजुरांच्या टोळ्या कोणाकडे कोणत्या दिवशी, हे ठरवताना शंभर संदेशांऐवजी ग्रुपमधली मतदानाची सोय वापरावी. कोणाला किती मजूर हवेत ते पाच मिनिटांत दिसते.

निकाल परत कळवावा

ही सवय सर्वांत कमी जणांना आहे, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. प्रश्न विचारला जातो, उत्तरे येतात, विचारणारा त्यांतले एक निवडतो, आणि पुढे काय झाले ते ग्रुपला कधीच कळत नाही. मग पुढच्या वर्षी तोच प्रश्न, तीच चौदा उत्तरे, आणि त्यांतले कोणते लागू पडले होते हे कोणालाच ठाऊक नसते. उत्तर देणारा जाणकारही हळूहळू गप्प होतो, कारण आपले सांगणे उपयोगी पडले की वाया गेले, हे त्याला समजायला मार्गच नसतो.

म्हणून मी फवारणी केली की पाचव्या आणि दहाव्या दिवसाचा गजर लावतो. त्या दिवशी त्याच झाडाचा, त्याच बाजूने फोटो काढतो, आणि माझा मूळ प्रश्न शोधून त्यालाच उत्तर म्हणून निकाल पाठवतो, म्हणजे प्रश्न आणि निकाल एकमेकांना जोडलेले राहतात. कोणाचा सल्ला घेतला, प्रत्यक्षात काय केले, सांगितल्यापेक्षा काय वेगळे केले, आणि फरक पडला की नाही, हे चार वाक्यांत लिहितो. फरक पडला नसेल तर ते अधिक काळजीपूर्वक लिहितो, मात्र सल्ला देणाऱ्याला दोष लागेल असे शब्द टाळतो, नाहीतर पुढच्या वेळी तो बोलत नाही. मात्रा लिहिताना चूक झाली तर संदेश पाठवल्यापासून पंधरा मिनिटांत तो दुरुस्त करता येतो. तेवढा वेळ उलटला असेल तर संदेश सर्वांसाठी पुसून नव्याने लिहावा, कारण चुकीची मात्रा ग्रुपमध्ये राहू देणे धोक्याचे आहे.

पाण्याच्या क्षारांचा माझा तो अनुभव मी परीक्षणाच्या अहवालासह, मूळ प्रश्नाच्या खाली, दोन महिन्यांनी का होईना पण लिहिला, आणि ज्यांनी ‘पाणी कुठले?’ असे विचारले होते त्यांचे नाव घेऊन आभार मानले. त्याच आठवड्यात ग्रुपमधल्या सहा जणांनी आपापल्या बोअरचे पाणी तपासायला दिले. यंदा छाटणीआधी मी माझे पाणी पुन्हा तपासून घेतले आहे आणि त्याचा अहवाल आधीच्या अहवालाशेजारी ठेवला आहे.